वतनाचे आडनाव आणि लोकांनी दिलेले नाव

आपल्या आडनावाच्या थोर स्त्रीपुरुषांची नामावळी सिद्ध करून तिच्या तेजात स्वतःचाही काही अंश शोधण्याची हौस महाराष्ट्रात जुनी आहे. कुलवृत्तान्तांचे जाडजूड ग्रंथ आणि आडनावबंधूंचे मेळावे हे तिचेच आविष्कार होत. पेण आणि रोहा यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेल्या कासूच्या परिसरात तर ही हौस विनासायास भागते. कारण खाडीकाठच्या या गावांत पाटील हे आडनाव आळीआळीत भेटते, आणि देशमुख हे आडनाव रोह्याच्या एका सुपुत्राने भारताच्या कोषागारापर्यंत पोहोचविले. परंतु अशा नामावळीतून सिद्ध काय होते, याचा विचार सहसा केला जात नाही.

पाटील आणि देशमुख ही मुळात कुळांची नव्हेत, तर कामांची नावे. गावचा वसूल गोळा करणारा पाटील आणि परगण्याच्या वसुलावर व बंदोबस्तावर नजर ठेवणारा देशमुख, अशी ही उतरंड निजामशाही-आदिलशाहीपासून पेशवाईपर्यंत चालत आली; हक्क, इनाम आणि मानपान वंशपरंपरेने मिळत गेल्यामुळे हुद्दा हेच आडनाव झाले, आणि ज्यांच्या हाती दप्तर कधीच आले नाही अशा भाऊबंदांच्या शाखांनीही ते धारण केले. स्वातंत्र्यानंतर कायद्याने परगणा वतने नष्ट झाली, १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकीही संपली. हुद्दा गेला, आडनाव मात्र उरले.

या आडनावांखाली कोण कोण एकत्र येतात ते पाहिले, म्हणजे रक्तसंबंधाची कल्पना तत्काळ निकालात निघते. शतपत्रे लिहिणारे लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख हे मूळचे सिद्धये. विदर्भातील शेतकऱ्यांच्या मुलांना शिक्षणाची दारे उघडून देणारे डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे कदम. आणि रोह्याचे चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. पाटलांचेही तेच. ‘रयत शिक्षण संस्थे’चे संस्थापक भाऊराव पाटील जैन, प्रतिसरकारचे नाना पाटील मराठा, तर रायगडच्या शेतकऱ्यांचे नेते नारायण नागू आणि दि. बा. आगरी. जात, प्रांत, व्यवसाय यांपैकी एकही धागा सर्वांना सामायिक नाही; सामायिक आहे तो एका नष्ट झालेल्या हुद्द्याचा शिक्का.

आता आपल्याच मुलखातील उदाहरणे घ्यावीत. महाडजवळील नाते येथे १८९६ साली जन्मलेले आणि रोह्याच्या घराण्यातले चिंतामणराव आय. सी. एस. परीक्षेत पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि १९५२ साली याच मुलखाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून जाऊन अर्थमंत्रिपदी राहिले. तथापि मराठी मनात त्यांचे स्थान अढळ झाले ते १९५६ साली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा. वतनदार तंटेबखेडे करी तो पद राखण्यासाठी; वतनाचे आडनाव लावणारा हा गृहस्थ मोठा ठरला तो पद सोडून.

दुसरीकडे, अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावांनी उपासमार सोसून तो संप सुमारे सहा वर्षे चालविला, डॉ. आंबेडकरांनी चरीला येऊन त्याला पाठबळ दिले, आणि कूळकायद्याची वाट तिथून प्रशस्त झाली. ज्या पाटलाने सरकारसाठी वसूल गोळा करावा, त्याचेच आडनाव लावणारा पुरुष वसुलाच्या अन्यायाविरुद्ध उभा राहिला. पुढे उरणच्या जासईचे दि. बा. पाटील नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींचा न्याय्य मोबदला मागत राहिले. १९८४ च्या आंदोलनात पाच जण गोळीबारात हुतात्मे झाले, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्याने पदरात पाडून घेतले.

विशेष असे की, या सर्वांना लोक नुसत्या आडनावाने ओळखतच नाहीत. पाटील असंख्य असल्यामुळे दि. बा. पाटलांना ‘दिबा’ म्हणावे लागते, नाना पाटलांना ‘क्रांतिसिंह’ म्हणावे लागते, भाऊरावांना ‘कर्मवीर’ म्हणावे लागते. दरबाराने सनदेवर लिहून दिलेले नाव हजारोंच्या वाट्याला आले. लोकांनी कृतज्ञतेने दिलेले नाव ज्याचे त्याच्याकडेच राहिले आणि कोणत्याही वारसाच्या नावे त्याचा फेरफार नोंदविता आला नाही.

एखादा म्हणेल की, समान आडनावाच्या अभिमानातून कासूच्या शाळेतल्या मुलाला उमेद येत असेल तर त्यात बिघडले काय? उमेदीबद्दल तक्रार नाही. परंतु ती आडनावातून येत असेल, तर शेजारच्या बाकावरील म्हात्रे, ठाकूर किंवा वाघमारे आडनावाच्या मुलाने चिंतामणरावांवर आणि दिबांवर हक्क सांगू नये, असा अर्थ होतो. हा अर्थ खोटा आहे. चरीचा संप केवळ पाटलांचा नव्हता, आणि रिझर्व्ह बँक देशमुखांची नव्हती. शिवाय, ज्या आडनावावरून आपण अभिमानाने छाती फुगवितो, त्याच आडनावावरून दुसऱ्याची जात हुडकण्याची खोडही आपल्याला जडते. एक सवय ठेवून दुसरी टाकणे शक्य नाही.

म्हणून पेण-रोह्याच्या ग्रामपंचायतींना आणि शाळांना एवढीच विनंती की, थोरांच्या तसबिरी आडनावांप्रमाणे न लावता त्यांनी केलेल्या कार्याप्रमाणे लावाव्यात. चिंतामणरावांच्या तसबिरीखाली १९५६ चा राजीनामा, नारायण नागूंच्या तसबिरीखाली चरीचा संप आणि दिबांच्या तसबिरीखाली साडेबारा टक्क्यांचा लढा ठळक अक्षरांत लिहावा. आडनाव त्यानंतर, आणि लहान अक्षरांत आले तरी चालेल.