विश्लेषण : यवतमाळमधील करोनाचे नमुने काय सांगत होते? संगणकांचे जाळे कुठे उपयोगी पडते?

फेब्रुवारी २०२१. राज्यात करोनाची पहिली लाट ओसरली असे वाटत असतानाच यवतमाळ, अमरावती आणि अकोल्यात रुग्ण अचानक वाढू लागले. विषाणूने रूप बदलले का, हे पाहण्यासाठी यवतमाळ आणि अमरावतीच्या मोजक्या नमुन्यांचे जिनोम सिक्वेन्सिंग पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात झाले. परदेशी विषाणू आढळला नाही, असे राज्य सरकारने जाहीर केले. उत्तर बरोबर होते; प्रश्नच अपुरा होता.

सिक्वेन्सिंगमध्ये नेमके काय होते?

करोना हा आरएनए विषाणू. त्याची आधी डीएनए प्रत तयार करतात आणि यंत्र ती तुकड्यातुकड्यांत वाचते. विषाणूचा पूर्ण मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांचा असतो (माणसाचा ३०० कोटींच्या घरात). एकाच पुस्तकाच्या शेकडो प्रती फाडून कपटे एकत्र मिसळावेत, तशी माहिती यंत्रातून बाहेर पडते. कोणता कपटा मूळ पुस्तकात कुठे बसतो, हे शोधताना दुसऱ्या कपट्यासाठी थांबावे लागत नाही. त्यामुळे हे काम अनेक संगणकांत वाटून देता येते. कापूस वेचायला मजूर वाढवले की शेत लवकर रिकामे होते, तसेच हे. यालाच वितरित संगणन म्हणतात.

एवढी ताकद कशाला लागते?

एका नमुन्यासाठी लागत नाही. ते काम साधा लॅपटॉपही करतो. ओझे वाढते ते तुलनेत. १,००० नमुने एकमेकांशी ताडून पाहायचे तर सुमारे ५ लाख जोड्या होतात आणि १० हजारांच्या सुमारे ५ कोटी. नमुने दहापट, काम शंभरपट! प्रत्यक्षात हुशार सॉफ्टवेअर प्रत्येक जोडी तपासत बसत नाही, तरी विषाणूची वंशावळ मांडणे हे जड काम आहेच. शिवाय ते कपट्यांइतके सहज वाटूनही देता येत नाही.

मग अडले कुठे?

संगणकांवर नक्कीच नाही. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्येच अनेक प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ उभा केला होता. कमी पडले ते नमुने. ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलचा प्रकार आहे का, हे चार-दोन नमुन्यांवरूनही पाहता येते, कारण त्यांची ओळख आधीच ठाऊक असते. गावातच पसरणारा नवा प्रकार मात्र अनेक नमुन्यांत तेच बदल पुन्हा पुन्हा दिसले तरच लक्षात येतो.

डिसेंबर २०२० मध्ये १० प्रयोगशाळांचे ‘इन्साकॉग’ हे जाळे स्थापन झाले. बाधितांपैकी ५ टक्के नमुने तपासायचे, असे ठरले होते. २४ मार्च २०२१ रोजी केंद्र सरकारने आकडे दिले, तेव्हा देशभरातून तपासलेले नमुने होते १०,७८७, आणि तोवर नोंदलेले रुग्ण १ कोटीहून अधिक. महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे बदल आढळल्याचे त्याच दिवशी सांगण्यात आले.

हे दोन्ही बदल असलेला विषाणू बी.१.६१७ या कुळातला. त्या कुळाचे सुरुवातीचे नमुने भारतात ऑक्टोबर २०२० मधलेच आहेत. त्याच्याच एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे २०२१ रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिले. तोपर्यंत दुसरी लाट उतरणीला लागली होती.