जलमार्गांचा खर्च कोणी करायचा?

ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या एव्हन नदीवरून नॅरोबोटीने स्ट्रॅटफर्डहून ट्यूक्सबरीकडे जाणाऱ्याला पिवळी पडलेली विलोची झाडे दिसतात, तशीच नदीची देखभालही दिसते. उन्हाळ्यात ती सहसा नजरेत भरत नाही. जेमतेम सात फूट रुंद आणि साठ-सत्तर फूट लांब अशी ही बोट. गळलेली पाने तिच्या पंख्यात अडकली की इंजिन बंद करायचे, मागच्या भागातले झाकण उघडायचे आणि गार पाण्यात हात घालून तो लगदा उपसायचा. पावसाने नदी चढली की प्रवाह बोटीला बंधाऱ्याकडे ओढू लागतो, म्हणून लॉकपाशी (बोटीला वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या हौदापाशी) पाणीपातळीच्या लाल खुणेपर्यंत पाणी आले की बोट काठाला बांधून थांबण्यातच शहाणपण. नोव्हेंबर उजाडला की ठिकठिकाणचे कालवे दुरुस्तीसाठी बंद होऊ लागतात. अशा जलमार्गाला निसर्गाची फुकट देणगी म्हणता येत नाही. तो माणसांनी सतत राखलेला रस्ता आहे, म्हणून त्याच्या खर्चातून सरकारने अंग काढून घेणे चूक आहे.

बाजाराच्या हिशेबाने एव्हन कधीच निकालात निघाली होती. सतराव्या शतकात विल्यम सँडिस याने ती बोटींसाठी खुली केली. पुढे रेल्वे आली, माल तिकडे वळला आणि एकोणिसाव्या शतकात नदीचा वरचा भाग वाहतुकीतून बाद झाला. 1950 मध्ये खालच्या भागासाठी नागरिकांनी ट्रस्ट स्थापन केला आणि 1962 मध्ये इव्हशॅमपर्यंतचा मार्ग मोकळा झाला. वरचा भाग डेव्हिड हचिंग्ज यांच्या पुढाकाराने, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर 1974 मध्ये खुला झाला. आज या पाण्यावर मालाची ने-आण जवळपास नाही, तरी नदीचा उपयोग संपला असे कोणी म्हणत नाही. किती टन माल वाहिला, एवढ्यावरच नदीची किंमत ठरवणे तोकडे आहे.

यावर आक्षेप येतो तो असा : एव्हन सरकारी अनुदानाशिवाय, ट्रस्टच्या बळावर चालते, मग बाकीच्यांनी हात का पसरावेत? आक्षेप वजनदार आहे, पण अपुरा. एव्हन एका टोकाला स्ट्रॅटफर्डच्या कालव्याला आणि दुसऱ्या टोकाला सेव्हर्न नदीला मिळते, आणि हे दोन्ही मार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट सांभाळतो. तो कालवा बंद पडला, किंवा सेव्हर्नला मिळणाऱ्या वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावरची टार्डबिगची 30 लॉक मोडकळीला आली, तर एव्हनवर येणाऱ्या बोटींची, या सगळ्या मार्गांवरून फिरून मूळ जागी आणणारी वर्तुळवाट तुटेल. हा ट्रस्ट सुमारे 2000 मैलांचे जाळे राखतो. सरकारने 2023 मध्ये जाहीर केले की 2027 पासून त्याचे अनुदान दरवर्षी कमी होत जाईल.

दुसरा आक्षेप : मूठभर बोटवाल्यांच्या हौसेसाठी करदात्याने पैसे का मोजावेत? बोटवाले परवान्याचे शुल्क भरतातच, आणि कालव्याकाठच्या वाटांवरून चालणारे, सायकल चालवणारे व गळ टाकून बसणारे त्यांच्याहून कितीतरी जास्त आहेत. शिवाय हा प्रश्न सुरक्षेचाही आहे. ऑगस्ट 2019 मध्ये डर्बीशरमधल्या टॉडब्रूक धरणाचा सांडवा जोरदार पावसात खचला आणि व्हेली ब्रिज गावातल्या सुमारे 1500 लोकांना घरे सोडावी लागली. ते धरण कालव्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले, याच ट्रस्टच्या ताब्यातले. त्या 1500 जणांपैकी बहुतेकांचा बोटीशी काही संबंध नसणार. स्वयंसेवक गाळ उपसतील, लॉकचे दरवाजे रंगवतील. जुन्या धरणांची जोखीम त्यांच्या खांद्यावर टाकता येणार नाही. ट्रस्टने देणग्या आणि उत्पन्न वाढवावे, त्याच्या कारभाराची कठोर तपासणीही व्हावी. पण धरणे, बांध आणि लॉक यांच्या देखभालीइतके अनुदान सरकारने कायद्याने निश्चित केले पाहिजे.