धावतं पाणी अडवताना

मॉस्कोच्या मुख्य जलवाहिन्या वारंवार का फुटतात, याचा छडा लावायला प्राध्यापक निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८मध्ये तिथल्या अलेक्सेयेव्हस्काया पंपिंग स्टेशनवर प्रयोग मांडले. व्हॉल्व्ह झटकन बंद केला की धावत्या पाण्याचा संवेग दाबात बदलतो आणि त्या दाबाची लाट सेकंदाला सुमारे हजार मीटर वेगाने नळातून मागे धावते, असं त्यांनी मोजून दाखवलं. इटलीत मेनाब्रेआ यांनी या जलाघाताचा माग १८५८मध्येच घेतला होता. मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने मिळू लागलं १८६०मध्ये. म्हणजे शहरांनी आधी नळ टाकले. हिशेब पुरता हाती आला तो नंतर.

हा हिशेब एकदा नीट पाहावा असा आहे. एक मीटर व्यासाची वाहिनी काटकोनात वळते आहे, आत शंभर मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब आहे, वेग सेकंदाला दोन मीटर. त्या वळणाला बाहेर रेटणारं बल सुमारे एकशे दहा टन भरतं. त्यात पाण्याच्या वाहण्याचा वाटा जेमतेम अर्धा टन; बाकी सगळा दाबाचा. वेग इतका निरुपद्रवी वाटतो! पण तेच पाणी एकदम अडवलं, तर दाबात आणखी दोनशे मीटरची भर पडते आणि वळणावरचा रेटा तिप्पट होतो. वळणामागचा काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक तीनशे टनांहून जास्त भार झेलणार का, हे तेव्हा ठरतं.

त्यावरचा उपाय स्वस्त आहे: वेळ. एक किलोमीटरच्या वाहिनीत लाट जाऊन परत यायला दोन सेकंद लागतात. व्हॉल्व्हची चावी त्याच्या कितीतरी पट वेळ घेऊन फिरवली, तर धक्का विरून जातो.

चोवीस तास पाणी असलेल्या शहरात मुख्य चाव्या क्वचितच फिरतात. आपल्या बहुतेक गावांत पाणी तास-दोन तास येतं, म्हणून त्या रोज उघडतात, रोज बंद होतात. मधल्या वेळात नळ रिकामे होऊन हवा शिरते. पाणी पुन्हा सोडलं की तीच हवा कोंडून नवे धक्के देते. एवढा मार सोसणाऱ्या वाहिनीची सारी भिस्त चावीवाल्याच्या हातावर असते, आणि अनेक ठिकाणी तो कंत्राटी असतो. वीस फेरे हळू का फिरवायचे, हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं. वाहिनी फुटली की मात्र 'जुनाट नळ' एवढंच कारण छापून येतं. ते बऱ्याचदा अर्धंच खरं असतं.

पाणीयोजनेचं मोठेपण आपण किलोमीटरमध्ये मोजतो. हवा सोडणारे व्हॉल्व्ह, थ्रस्ट ब्लॉकची तपासणी आणि चावीवाल्याचं प्रशिक्षण यांच्यासाठीही नगरपालिकांनी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी. वाहिनी फुटल्यावर अहवालात नळाच्या वयाशेजारी आणखी एक रकाना हवा: त्या दिवशी चावी किती वेळात बंद केली?