करार झाले, विमानाच्या तिकिटाचे काय?

कुलगुरू आणि परदेशी पाहुणे हातात फायली धरून उभे आहेत, खाली ओळ आहे : 'सामंजस्य करारावर स्वाक्षऱ्या'. आपल्या विद्यापीठांच्या बातम्यांत हे छायाचित्र आता नेहमीचे झाले आहे. आपले विद्यार्थी तिकडे जातील, तिकडचे इकडे येतील, प्राध्यापकांचीही देवाणघेवाण होईल, असे जाहीर होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याला बळ दिले. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार 'ट्विनिंग' अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी विद्यापीठात मिळवता येतात. दिशा चांगलीच आहे. प्रश्न एवढाच, की या करारांतून विमानात बसणार कोण?

देवाणघेवाणीच्या करारात साधारणपणे परस्पर शुल्कमाफी असते. विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात फी भरतो, तिकडे वेगळी भरावी लागत नाही. ऐकायला सोपे वाटते. पण तिकीट, व्हिसा, विमा, राहणे-जेवण हा खर्च बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्याच माथी येतो. अनेक देश व्हिसा देण्याआधी बँकेत पुरेशी रक्कम दाखवायला सांगतात. ज्या घरात आई धुणीभांडी करते आणि बाप नाक्यावर उभा राहतो, त्या घराने ही रक्कम कुठून दाखवायची? वस्तीतल्या मुलांशी बोलताना लक्षात येते, की अनेकांकडे पासपोर्टही नसतो. तो काढावा लागेल अशी वेळ येईल, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

मग सरकारी शिष्यवृत्त्या आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. पण या दोन्ही योजना परदेशातील पूर्ण पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी.साठी आहेत. आपल्याच विद्यापीठात शिकत एका सत्रासाठी बाहेर जाणारा विद्यार्थी त्यांत बसत नाही. प्रवेशाला आरक्षण आहे, देवाणघेवाणीच्या यादीला नाही. गळती नेमकी इथे होते.

प्राध्यापकांचेही तेच. कायम नोकरीतला प्राध्यापक रजा घेऊन जाऊ शकतो. नेट-सेट, पीएच.डी. होऊनही तासिका तत्त्वावर शिकवणारे आपले अनेक तरुण आहेत. त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. महिनाभर परदेशात गेले तर त्या महिन्याची कमाई शून्य.

हे टाळता येत नाही असे नाही. युरोपमध्ये १९८७पासून इरॅस्मस योजना चालू आहे. तिच्यात परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्याला अनुदान मिळते. कमी संधी असलेल्या घरांतील विद्यार्थ्यांना दीर्घ मुदतीसाठी जाताना दरमहा २५० युरो जादा दिले जातात. ज्यांना एवढे दिवस घर सोडता येत नाही, त्यांच्यासाठी ५ ते ३० दिवसांचा मुक्काम आणि उरलेला अभ्यास ऑनलाइन अशीही सोय आहे. घरची परिस्थिती वेगवेगळी असते, हे धरूनच ही रचना केली आहे.

आपल्याला हे परके नाही. नालंदात चीनहून ह्युएन त्संग आणि इत्सिंग येऊन शिकले. त्या महाविहाराच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. इत्सिंगने अशी दोनशेहून अधिक गावे सांगितली आहेत. ज्ञानाची देवाणघेवाण तेव्हाही फुकट होत नव्हती, तिच्यामागे कायमचा निधी होता. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ साली तिची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज यांवर १९२० साली ते पुन्हा गेले. बुद्धिमत्ता १९१७ सालीही तीच होती, कमी पडला तो पैसा.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. एक, प्रत्येक करारासोबत प्रवास व निर्वाहाचा निधी जाहीर करा आणि निवडीला आरक्षण लावा. दोन, राज्याच्या परदेश शिष्यवृत्तीत एका सत्राच्या देवाणघेवाणीसाठी वेगळ्या जागा द्या. तीन, तासिका तत्त्वावरील शिक्षकांना मानधनासह संधी द्या. चार, कोण गेले याची प्रवर्गनिहाय माहिती दरवर्षी प्रसिद्ध करा.

विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांनी निवडून दिलेले सदस्य बसतात. मत मागायला ते आपल्या दारी येतात. पुढच्या वेळी आले की विचारा : तुमच्या काळात किती करार झाले, आणि त्यातून आपली किती मुले गेली? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

जय भीम.