हात म्हणजे शिकंजा नव्हे

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई म्हटले की आधी मिरचीची बाजारपेठ आठवते. मिरचीला भाव मिळाला की घरांची कामे निघतात, आणि घर म्हटले की दारे, खिडक्या, कपाटे, हल्ली ओट्याखालच्या ट्रॉल्याही आल्या. पूर्वी करवत आणि रंध्यावर होणारे हे काम आता टेबलात बसवलेल्या गोल कटरवर होते. प्लायवूडचे काम जास्त असेल तिथे सरकत्या टेबलाचे यंत्र येते. काम झटपट उरकते, कड साफ निघते. आणि अधूनमधून एखादा तरुण कारागीर रक्ताने भिजलेल्या रुमालात हात गुंडाळून सरकारी दवाखान्यात येतो.

डॉक्टर विचारतात, हात पात्याजवळ गेलाच कसा? उत्तर बहुधा एकच असते: ‘लाकूड दाबून धरलं होतं.’

सगळी गोम या दाबून धरण्यात आहे. दहा इंची पाते मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर होतो. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात पाते नऊ वेळा फिरलेले असते. म्हणजे ४० दात्यांच्या पात्याचे साडेतीनशेहून अधिक दाते त्या जागेवरून गेलेले असतात. ‘मी सावध असतो’ या वाक्याला इथे फारसा अर्थ उरत नाही.

त्यात पात्याचे पुढचे दाते खाली जातात, मागचे वर येतात. लाकूड जरा तिरपे झाले किंवा पात्यात आवळले गेले, की मागचे दाते ते उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. त्यावर रेटलेल्या हाताखालचा आधार अचानक नाहीसा होतो आणि हात पुढे, थेट पात्यावर जातो. वीस वर्षांचा अनुभव असलेल्यांचीही बोटे जातात ती अशी.

सरकत्या टेबलाचे यंत्र जर्मनीतल्या विल्हेल्म आल्टेनडॉर्फ यांनी १९०६ च्या सुमारास आणले. त्यात लाकूड पात्यावर ढकलायचे नसते. ते टेबलावर आवळून बसवायचे आणि टेबलच सरकवायचे. आवळणारा शिकंजा हा यंत्राचा निम्मा जीव. आपल्याकडे मात्र तो पहिल्याच आठवड्यात काढून कोपऱ्यात पडतो, कारण प्रत्येक तुकड्याला आवळणे-सोडणे यात वेळ जातो. जुने यंत्र घेतले तर तो सोबत येतच नाही.

विकत घ्यायचा तर एका दांड्याने झटक्यात बसणारा आणि सुटणारा घ्यावा. फिरवत बसावे लागणारा शिकंजा दुपारनंतर कोणी वापरत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. तो चांगल्या पात्याहून महाग नसतो. घरी करायचा तर बाभळीची किंवा सागाची जाड पट्टी, टेबलाच्या खाचेत बसणारा बोल्ट आणि मागे टेकायला एक ठोकळा एवढे पुरते. ठोकळा कापायच्या लाकडापेक्षा किंचित उंच हवा, म्हणजे पट्टीचे पुढचे टोक खाली दाबते. बोल्ट ठोकळ्याच्या नव्हे, लाकडाच्या जवळ हवा. तरफेचा हा शाळेतलाच नियम आहे: बोल्ट मागे सरकला की सगळा जोर ठोकळ्यावर जातो आणि लाकूड सैलच राहते. टोकाखाली रबर चिकटवावे. यंत्र बंद ठेवून टेबल एकदा पूर्ण सरकवून पाहावे. पट्टी, बोल्ट, काहीही पात्याला लागता कामा नये. आणि लाकूड एकाच बाजूने, सरकत्या टेबलावर आवळावे. कापून सुटणारा तुकडा मोकळा राहिला पाहिजे. तोही अडकवला तर पाते आवळले जाते आणि उपाय म्हणून केलेली गोष्टच अपाय करते.

लहान तुकडे सर्वांत वाईट. जर्मनीतले सुतार त्यासाठी दोन फळ्यांची जोडी वापरतात, तिला ‘फ्रिट्झ आणि फ्रान्झ’ असे गमतीचे नाव आहे. तुकडा दोन्हींच्या मध्ये चिमटीत धरायचा आणि हात फळ्यांवर, पात्यापासून लांब ठेवायचे. उरलेल्या प्लायवूडमधून अर्ध्या दिवसात ती तयार होते.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. १९४८ चा कारखाने कायदा वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार असतील तर लागू होई. २०२० च्या नव्या संहितेत ही संख्या वीसवर नेली आहे. दोन-तीन कारागिरांचे दुकान दोन्हींच्या बाहेर. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे धरले होते, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. गुण्या धरून रेघ मारणाऱ्या सुताराच्या उजव्या तर्जनीची किंमत १४ टक्के कोणी ठरवली असेल ती असो, सुताराने नक्कीच नाही. तेव्हा शिकंजा लावण्याची जबाबदारी दुकानमालकावर येते, आणि थोडी ‘उद्याच पाहिजे’ म्हणून तगादा लावणाऱ्या गिऱ्हाइकावरही.

तरीही बोट तुटलेच तर पुढचे काही तास महत्त्वाचे. विळ्याने कापलेले बोट आणि कटरने गेलेले बोट यांत फरक असतो. कटरचे पाते तीनेक मिलिमीटर रुंदीचे हाड, शिरा, नस सगळे खाऊन टाकते, त्यामुळे जोडणी अवघड होते, अशक्य नसते. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबावे, हात उंच धरावा. हळद, चहापूड काही भरू नये. तुटलेले बोट साध्या स्वच्छ पाण्याने हलके धुऊन ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवले तर पेशी गोठून मरतात. बोटात स्नायू नसल्याने ते हातापायापेक्षा जास्त तग धरते: गार न ठेवता साधारण ६ ते १२ तास, नीट गार ठेवल्यास त्याच्या दुपटीपर्यंत. पिंपळगावहून भोकरदन, तिथून जालना, तिथून छत्रपती संभाजीनगर असे टप्पे घेत गेले तर हा वेळ रस्त्यातच सरतो. म्हणून १०८ ला फोन करतानाच ‘बोट तुटले आहे, सोबत आणतो आहोत’ हे सांगावे, आणि बोट जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया कुठे होते ते पहिल्याच दवाखान्यातून फोनवर विचारून मग गाडी हलवावी.