प्रथम सत्राची वार्ता : ‘दुकान उघडे ठेवले’



शाळांचे प्रथम सत्र संपत आले आहे. सहामाहीचे शेवटचे पेपर आणि दिवाळीच्या सुट्टीची घंटा यांमध्ये आता मोजकेच दिवस उरले आहेत. प्रतिवर्षीप्रमाणे सातारा व सांगली जिल्ह्यांतील समाजबांधवांकडून मुलांच्या यशाची पत्रके या सदरासाठी मागविली होती. ती गेले चार दिवस माझ्या मेजावर पसरली आहेत.

वार्ता समाधानाची आहे. खो-खो व कबड्डीच्या तालुका पातळीवरील शालेय स्पर्धांत आपली मुले उतरली, काही जिल्हा पातळीवर गेली. २२ सप्टेंबरच्या कर्मवीर जयंतीला रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत वक्तृत्वाचे फड रंगले. त्यांत आपल्या मुलींची नावे मुलांपेक्षा अधिक दिसतात. शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांची संख्याही चांगली आहे. या सर्वांची यादी सवडीने छापली जाईलच. एक गोष्ट मात्र आताच सांगतो. आठवीतील मुलांसाठी असलेल्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचा उल्लेख आलेल्या एकाही पत्रकात नाही. ‘आपण व्यापारी, आपल्याला कसली शिष्यवृत्ती’ हा समज त्यामागे असावा. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल, तर ही परीक्षा त्याच्यासाठी आहे. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. खेड्यातल्या लहान किराणा दुकानदाराने या आकड्याकडे संकोचाने पाहू नये. मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी.

आता ज्या पत्रकापाशी मी अडलो, त्याविषयी.

आमच्या छापील पत्रकात पाच रकाने असतात : नाव, इयत्ता, शाळा, स्पर्धा अथवा परीक्षा, मिळालेले स्थान. सातारा जिल्ह्यातील एका बाजारगावाहून नातवाचे पत्रक आजोबांनी भरून पाठविले आहे. अक्षर जुन्या मोडी वळणाचे, टपोरे. नातू नववीत आहे. ‘स्पर्धा’ या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ मारली आहे आणि शेवटच्या रकान्यात तीनच शब्द लिहिले आहेत : ‘दुकान उघडे ठेवले.’

मी त्यांना दूरध्वनी केला. ऐन पर्युषणाच्या दिवसांत मुलाच्या वडिलांचा पाय मोडला. आईकडे घर, रुग्ण आणि लहान बहीण. आजोबांची दृष्टी अधू. मुलगा सकाळी सात वाजता दुकान उघडी, दहाला कुलूप लावून शाळेला जाई, संध्याकाळी पुन्हा गल्ल्यावर बसे. उधारीची वही त्यानेच लिहिली. शाळा दोनच दिवस चुकली. “घटक चाचणीत इंग्रजीत घसरला आहे, तेही लिहून घ्या,” असे आजोबांनी आपणहून सांगितले. मी म्हणालो, “आजोबा, हे मी कोणत्या रकान्यात घालू?” ते म्हणाले, “रकाना तुम्ही ठरवा. मी आपले खरे ते लिहिले.”

रकाना काही मला सापडला नाही. मग वाटले, ज्यांच्या जयंतीच्या वक्तृत्वाची बक्षिसे आपण या पानावर छापतो, त्या भाऊराव पाटलांचे नाव तरी आमच्या पत्रकात बसले असते काय?

भाऊराव आपल्याच समाजातले. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजचा. मूळ गाव वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. कोल्हापुरात शिकत असता ते जैन बोर्डिंगात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. त्या काळी एखाद्याने गुणवंतांची यादी केली असती, तर भाऊरावांच्या नावापुढे वसतिगृहातून काढलेला आणि शाळा अर्धवट सोडलेला, एवढाच शेरा पडला असता. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले. एवढा उशीर कोणत्याही यादीला परवडत नाही.

मधल्या काळात ते आपल्यासारखेच व्यवसायाच्या वाटेवर होते. साताऱ्यात शिकवण्या केल्या, तेव्हा लोक त्यांना ‘पाटील मास्तर’ म्हणत. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत ते गावोगाव हिंडले. नांगर विकणाऱ्याला शेतकऱ्याच्या दारात बसावे लागते, त्याची ऐपत जोखावी लागते, उधारी द्यावी की न द्यावी हे ठरवावे लागते. भाऊरावांना रयतेची खरी ओळख या फिरतीत झाली, असे मला नेहमी वाटते. तत्पूर्वी १९१० च्या सुमारास आपल्या सांगली भागातील दुधगावी विद्यार्थ्यांच्या आश्रमाचा प्रयोग त्यांनी सहकाऱ्यांसह केला होता. घरोघरच्या गृहिणींनी दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढावयाचे आणि त्यावर मुलांचे जेवण चालवावयाचे, हा मुष्टिफंड त्यांच्या कार्याचा पाया. आपल्यातील कितीतरी घरांत धर्मादाय पेटी असते. मूठभर धान्याचा हा हिशेब आपल्याला परका वाटू नये.

रयत शिक्षण संस्था स्थापन झाली तीही याच ऋतूत, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर. १९२४ मध्ये कार्य साताऱ्याला आले. तेथील बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीला जेवत आणि स्वयंपाकापासून सर्व कामे आपल्या हातांनी करीत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत पोहोचले.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना निधन पावून तेव्हा वर्षच झाले होते. आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या राजाचे नाव भाऊरावांनी माध्यमिक शाळेला दिले. शाळा मोफत आणि निवासी. ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ तेथे निराळा होता. फी द्यावी लागत नसे, परंतु मुलाला शेतावर आणि आवारात श्रम करावे लागत, आणि त्या श्रमाचा मोबदला त्याच्या शिक्षणाच्या खाती जमा होई. ‘कमवा आणि शिका’ म्हणतात ते हेच. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे ब्रीदवाक्य तेथे दररोज कुदळ-फावड्याने लिहिले जात होते. आश्विनात रानात काम भरपूर असते. त्या शाळेच्या प्रथम सत्राचा वृत्तांत कोणी लिहिला असता, तर त्यात गुणांच्या बरोबरीने खणलेल्या वाफ्यांचीही नोंद करावी लागली असती.

हे लिहिताना मी सावध आहे. तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत शिकविले आहे आणि आश्विनातले रिकामे बाक मला ठाऊक आहेत. दिवाळीच्या हंगामात व्यापाऱ्यांची मुले दुकानात ओढली जातात, गळीत हंगाम लागताच ऊसतोड कामगारांची मुले आईबापांमागे गावे सोडतात. आपण दुसऱ्या गोष्टीबद्दल हळहळतो आणि पहिलीला ‘धंद्याचे वळण’ म्हणतो. एका वर्षी माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा ‘पंधरा दिवसांसाठी’ म्हणून कापडाच्या गादीवर बसला, तो सुट्टीनंतर परतलाच नाही. आज त्याचा व्यवहार मोठा आहे. दोन वर्षांपूर्वी एका विवाहात भेटला तेव्हा म्हणाला, “सर, कर सल्लागार कागद पुढे करतात आणि मी सही करतो. काय लिहिले आहे ते विचारायची लाज वाटते. त्या दिवाळीत तुम्ही घरी येऊन मला ओढून न्यायला हवे होते.” मी गेलो नव्हतो. वडिलांची प्रतिष्ठा मोठी होती आणि मला संकोच वाटला होता.

म्हणून भाऊरावांच्या सूत्रातील दुसरा शब्द मी अधिक घट्ट धरतो. सयाजीराव हायस्कूलमधील श्रम मुलाला वर्गात ठेवण्यासाठी होते. जे काम मुलाला वर्गाबाहेर काढते, त्यास ‘कमवा आणि शिका’चे नाव देऊन आपण आपलीच फसवणूक करतो. वहीत नावेची रक्कम जमेला धरल्यासारखे ते आहे. या मुलाच्या बाबतीत मला महत्त्वाचे वाटले ते उघडे राहिलेले दुकान नव्हे, दहा वाजता लावलेले कुलूप. गिऱ्हाईक दारात असताना कुलूप लावणे किती कठीण, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी बाजू क्रीडांगणाची. साताऱ्याची तिरंदाज अदिती स्वामी २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे जगज्जेती झाली. वय अवघे १७. या खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळविणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम सामन्यात १५ बाणांचे १५० गुण असतात. तिने मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेरावर १४९ विरुद्ध १४७ असा विजय मिळविला. त्याच सत्रात, ऑक्टोबरमध्ये, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तिने सांघिक सुवर्ण आणि वैयक्तिक कांस्यपदक आणले. वडील शिक्षक, घरी पिढीजात नेमबाजी वगैरे काही नाही. ही वार्ता आमच्या पाच रकान्यांत आनंदाने बसते. परंतु तिच्या सरावाची वर्षे त्यात बसत नाहीत, आणि पदक न मिळता तेवढाच सराव करणारी मुले तर कोठेच बसत नाहीत. यंदाच्या एका पत्रकात एका पित्याने ‘जिल्हा पातळीवर पराभूत’ असे लिहून नंतर ते खोडले आहे. खोडलेलेही वाचता आले. ते छापण्याचा माझा विचार आहे, त्यांची अनुमती मिळाल्यास.

मुलींच्या पत्रकांविषयी एक प्रश्न मनात राहून गेला. त्यांत गुण आहेत, बक्षिसे आहेत, परंतु घरातील कामाचा उल्लेख एकाही पालकाने केलेला नाही. मुलाने महिनाभर गल्ला सांभाळला तर आजोबा कौतुकाने कळवितात. मुलगी आठवीपासून दोन वेळचा स्वयंपाक सांभाळून शाळेत येते, ते कळविण्याजोगे कोणाला वाटत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुलांना आईच्या मायेने जेवू घालीत. अडचणीच्या दिवसांत त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या गेल्या. सयाजीराव हायस्कूल त्यांना पाहता आले नाही. आज रयत संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. त्यांच्या जमाखर्चाच्या पहिल्या पानावर त्या दागिन्यांची रक्कम मांडावयास हवी.

तेव्हा पुढील सत्रापासून पत्रकात सहावा रकाना असेल. ‘घरची अथवा दुकानची जबाबदारी’ असे त्यास तूर्त नाव दिले आहे. अधिक चांगला शब्द कोणी सुचविल्यास स्वागत आहे. त्यासोबत शाळेतील उपस्थितीचे दिवस वर्गशिक्षकांच्या सहीने लिहावे लागतील. ज्याची उपस्थिती पुरेशी नाही, त्याचे नाव या रकान्यासाठी घेतले जाणार नाही, मग घराणे कितीही मोठे असो. मुलींची पत्रके भरताना मातांनी स्वतः बसावे, ही विनंती. दिवाळीच्या सुट्टीत दुकानात मुलांना जरूर बसवावे, तराजू धरावयास व वही लिहावयास शिकवावे. द्वितीय सत्राच्या पहिल्या दिवशी मात्र त्यांना शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवून यावे.

या मुलाचे नाव छापावे म्हणून अनुमती घेण्यासाठी मी काल पुन्हा दूरध्वनी केला. आजोबांनी नातवाला विचारले. मागे त्याचा नकार मला स्पष्ट ऐकू आला : मित्र चिडवतील. तेव्हा नाव देत नाही. वडील आता काठी टेकत दोन-दोन तास गादीवर बसू लागले आहेत, असे कळले. मुलगा सकाळी फक्त दुकानाची फळी उघडून देतो. परवा त्याचा इंग्रजीचा पेपर आहे.