फिश टँक की हार्ड डिस्क?

दर रविवारी फिश टँक रिकामा करून लख्ख घासणाऱ्या तमाम मंडळींनो, मासे तुम्हीच मारताय. दुकानदाराला शिव्या नंतर घाला.

माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट, जे त्यामानाने गरीब. ही वस्ती फिल्टरच्या स्पंजात आणि खडीत असते, नव्या टाकीत जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. स्पंज नळाखाली धरलात की क्लोरीनने वस्ती साफ! एक प्रोग्राम अडकला म्हणून कोणी हार्ड डिस्क फॉरमॅट करतं का?

त्यात आमच्या गोंदियाचा उन्हाळा. पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं की त्यात मावणारा ऑक्सिजन लिटरमागे ९ मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो. पीएच ७ चा ८ झाला तर विषारी अमोनिया नऊ-दहापट. तरी पाणी न तपासता निळं औषध ओतायचं!

स्वच्छ म्हणजे रिकामं, हे कोणी शिकवलं? आपल्याच जिल्ह्यात कोहळ्यांचे मामा तलाव आहेत (माजी मालगुजारी, मामाचा संबंध नाही :)). अर्जुनी मोरगावकडे ढिवर बायकांनी त्यातली बेशरम उपटली, पण तलाव बोडका नाही ठेवला. देशी पाणवनस्पती लावल्या, माशांसाठी.

असो. आठवड्याला २०-२५ टक्केच पाणी बदला, तेही दिवसभर उघड्या बादलीत ठेवलेलं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. आणि बाटलीआधी टेस्ट किट घ्या.